केसाच्या जाडीहून बारीक ट्यूनिंग

हौशी रेडिओच्या संचात हवी ती फ्रीक्वेन्सी पकडण्याचे काम एका ऑसिलेटरकडे असते. कंडेन्सर किंवा कॉइल बदलून त्याची फ्रीक्वेन्सी कमीजास्त करता येते, म्हणून त्याला व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर म्हणतात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या बोलण्यात तो ‘व्हीएफओ’ असतो. हे सर्किट जोडणे फारसे अवघड नाही. एक ट्रान्झिस्टर, चार-पाच कंडेन्सर, दोन-तीन रेझिस्टर आणि तांब्याच्या तारेची कॉइल एवढ्यावर ते भागते. खरी परीक्षा नॉब हातात आल्यावर सुरू होते. नॉब फार वेगाने काम करू लागला, तर उत्तम ऑसिलेटरही कुचकामी ठरतो. तो वेग कमी करणारी यंत्रणा बाजारात मिळाली नाही किंवा परवडली नाही, की ती घरीच बनवावी लागते.

किती सावकाश म्हणजे सावकाश, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. भारतातल्या हॅमना ४० मीटर बँडवर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झ एवढी जागा आहे. फिरणारा कंडेन्सर, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘गँग’, अर्धा फेरा फिरतो. नॉब थेट गँगच्या दांड्यावर बसवला, तर १८० अंशांत २०० किलोहर्ट्झ संपतात. एका अंशाला साधारण ११०० हर्ट्झ. हॅम बोलण्यासाठी सिंगल साइडबँड पद्धत वापरतात. तिच्यात ट्यूनिंग चुकले की ऐकू येणारा आवाज तेवढ्याच हर्ट्झने वर किंवा खाली सरकतो. शंभर-दीडशे हर्ट्झची चूक झाली, तर बोलणारा घोगरा किंवा चिरका वाटतो; तीन-चारशेची झाली, तर शब्दही कळत नाहीत. आवाज नैसर्गिक वाटावा, तर ५० हर्ट्झच्या आत यावे लागते. चाळीस मिलिमीटर व्यासाच्या नॉबच्या कडेवर हे अंतर सुमारे ०.०१६ मिलिमीटर भरते. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. एवढ्या बारकाईने बोटे हलवणे कुणालाही शक्य नाही.

घरातल्या जुन्या रेडिओला ही अडचण जाणवली नाही, कारण आकाशवाणीसारख्या प्रसारणात मूळ वाहक लहर सोबत येते आणि एक-दोन किलोहर्ट्झचा फरक कानाला खटकत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा ४२.३४ मीटरवर ऐका, असे श्रोत्यांना सांगितले जाई. हा आकडा फ्रीक्वेन्सीत मांडला तर ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे आजच्या ४० मीटर हॅम बँडच्या ऐन मध्याजवळ. त्या केंद्राचा ट्रान्समीटर उभारणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हौशी रेडिओवाले होते. त्या काळच्या रेडिओवर शॉर्टवेव्हचे कितीतरी मेगाहर्ट्झ वीतभर डायलमध्ये कोंबलेले असत, तरी ते केंद्र सापडत असे. त्याच जागी आज दोन हॅमचे साइडबँडवरचे संभाषण पकडायचे म्हटले, तर तोच डायल काहीच कामाचा नाही.

वेग कमी करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि चांगल्या संचात दोन्ही एकत्र वापरलेले असतात. पहिला मार्ग विद्युत बाजूचा. ऑसिलेटरची फ्रीक्वेन्सी कॉइल आणि कंडेन्सरच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे फ्रीक्वेन्सी जितके टक्के बदलायची, त्याच्या साधारण दुप्पट टक्के कंडेन्सर बदलावा लागतो. समजा ऑसिलेटर ५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्याला २०० किलोहर्ट्झ फिरवायचे आहे. हा बदल चार टक्के झाला, म्हणजे कंडेन्सर आठ टक्के बदलायला हवा. सर्किटमधला एकूण कंडेन्सर २०० पिकोफॅरड असेल, तर फिरणारा भाग फक्त १६ पिकोफॅरडचा पुरतो. बाजारात मिळणारा गँग मात्र तीनशे-चारशे पिकोफॅरडचा असतो. तो तसाच जोडला, तर नॉबचा बराचसा फेरा बँडच्या बाहेर वाया जातो आणि अख्खा ४० मीटर बँड दहा-पंधरा अंशांत आटोपतो. म्हणून गँगला एक छोटा कंडेन्सर मालिकेत जोडतात, किंवा गँगची पाती पक्कडीने एकेक काढून दोन-तीनच ठेवतात. पाती काढण्याचा उपाय रानटी वाटतो, पण तो उत्तम चालतो. उरलेली पाती वाकली नाहीत, म्हणजे झाले.

एवढे केले की बँड नॉबच्या पूर्ण फेऱ्यात पसरतो, पण गाडी पुन्हा ११०० हर्ट्झ प्रति अंशावरच येऊन थांबते. इथून पुढचे काम यंत्राचे. कानाला आणि हाताला सुखाचा वाटणारा वेग नॉबच्या एका फेऱ्याला पाच ते वीस किलोहर्ट्झ असतो. दहा धरला, तर २०० किलोहर्ट्झसाठी वीस फेरे लागतील. गँग अर्धाच फेरा फिरतो, म्हणजे गुणोत्तर ४० ला १ झाले.

कारखान्यांनी हा प्रश्न बऱ्याच आधी सोडवला होता. अमेरिकेतल्या नॅशनल कंपनीच्या १९३५ च्या सुमाराच्या एचआरओ रिसीव्हरमध्ये वर्म गिअरने २० ला १ असा वेग उतरवला होता आणि त्याच्या डायलवर दहा फेऱ्यांत शून्य ते पाचशे आकडे येत. दुसऱ्या महायुद्धातल्या बीसी-२२१ या फ्रीक्वेन्सी मीटरच्या डायलला टोकापासून टोकापर्यंत पन्नास फेरे होते. लंडनजवळच्या क्रॉयडनची जॅक्सन ब्रदर्स कंपनी पोलादी गोळ्यांवर चालणारा ६ ला १ चा छोटा ‘बॉल ड्राइव्ह’ बनवी. जगभरच्या घरगुती संचांत तो वर्षानुवर्षे बसला. भारतात आयातीवर निर्बंध होते त्या दशकांत असा ड्राइव्ह हाती लागणे म्हणजे नशीबच. मग लष्करी संचांच्या भंगारातून दातेरी चाके काढणे किंवा स्वतः काहीतरी जुळवणे, हेच दोन पर्याय उरत.

सगळ्यांत जुना घरगुती उपाय दोरीचा. नॉबच्या सहा मिलिमीटरच्या स्पिंडलला दोरीचे अडीच-तीन वेढे द्यायचे, दोरीची दोन्ही टोके गँगवर बसवलेल्या मोठ्या चाकावर न्यायची आणि एका टोकाला स्प्रिंग लावून ती ताणून धरायची. ट्रान्झिस्टर रेडिओच्या डायलमध्ये हेच असते. चाक ७२ मिलिमीटरचे असेल, तर गुणोत्तर १२ ला १. अर्ध्या फेऱ्यासाठी नॉब सहा वेळा फिरतो आणि फेऱ्यामागे सुमारे ३३ किलोहर्ट्झ पडतात. साइडबँडला हे अजून घाईचेच आहे, पण मागे ६ ला १ चा एखादा टप्पा जोडला तर छत्तीस फेरे मिळतात आणि काम फत्ते होते. दोरी कोणती, हे महत्त्वाचे. मासेमारीचा साधा एकेरी नायलॉन धागा ताणला जातो आणि नॉब सोडला की थोडा मागे येतो. विणलेला, न ताणला जाणारा धागा घ्यावा. चाकासाठी डब्याचे प्लॅस्टिकचे झाकणही चालते, मात्र मध्य अचूक हवा. मध्य चुकला की डायल लंगडत फिरतो.

दोरीचा कंटाळा असेल, तर घर्षणावर चालणारी चकती बनवता येते. आता निरुपयोगी झालेली सीडी यासाठी अगदी योग्य. तिचा व्यास १२० मिलिमीटर असतो आणि कड बऱ्यापैकी गोल असते. स्पिंडलवर रबराची नळी चढवून त्याचा व्यास आठ मिलिमीटर केला आणि तो सीडीच्या कडेला दाबून धरला, तर १५ ला १ मिळतो. यात दाते नसल्याने फिरणे मऊ असते. मात्र रबर दाबल्या जागी बसते, आणि संच महिनाभर बंद राहिला तर पहिल्या फेऱ्यात तिथे अडखळल्यासारखे वाटते.

बॉल ड्राइव्ह घरी बनवण्याचा प्रयत्न बरेच जण करतात, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बेअरिंगची बाहेरची कडी घट्ट धरली आणि आतली फिरवली, तर मधले गोळे स्वतःभोवती गरगरत सावकाश पुढे सरकतात. गोळ्यांच्या या प्रदक्षिणेचा वेग नॉबच्या वेगाहून कमी असतो. बाहेरच्या मार्गाचा व्यास भागिले आतल्या मार्गाचा व्यास, त्यात एक मिळवा, तेच गुणोत्तर. स्केटिंगच्या चाकात असते ते ६०८ नंबरचे बेअरिंग घेतले, तर आतला मार्ग साधारण ११ आणि बाहेरचा १९ मिलिमीटरचा. उत्तर येते २.७. दोन बेअरिंग एकामागे एक जोडली तर सव्वासातच्या थोडे वर. कारखान्याच्या ड्राइव्हला ६ मिळतात ते दांडा बारीक आणि गोळे मोठे ठेवल्यामुळे. घरी करताना बेअरिंगचे झाकण आणि गोळ्यांचा पिंजरा काढावा लागतो, गोळ्यांच्या मधल्या फटींत शिरणाऱ्या बारीक खुंट्या असलेली तबकडी बनवावी लागते, वंगण धुऊन टाकावे लागते आणि गोळे घसरू नयेत म्हणून स्प्रिंगने बाजूने दाब द्यावा लागतो. एवढ्या खटाटोपात जो यशस्वी होतो त्याचे कौतुक, पण नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

त्याला सोपी आणि बहुतेक बाबतींत सरस वाट आहे ती पितळी बोल्टची. इथे कंडेन्सर स्थिर ठेवून कॉइल बदलायची असते. प्लॅस्टिकच्या नळीवर, म्हणजे सिरिंजच्या नळकांड्यावर किंवा जाड स्ट्रॉवर, कॉइल गुंडाळायची आणि तिच्या पोटात पितळी बोल्ट आत-बाहेर करायचा. पितळ आत शिरले की त्यात उलट प्रवाह निर्माण होतात, कॉइलचा इंडक्टन्स घटतो आणि फ्रीक्वेन्सी वाढते. फेराइटची कांडी घातली तर नेमके उलटे होते. लोखंडी बोल्ट मात्र टाळावा. त्यात ऊर्जा वाया जाते आणि ऑसिलेटर कधी कधी चालतच नाही. बोल्टचे आटे हेच येथे गिअरचे काम करतात. एम६ या साध्या बोल्टला एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे जाणारे आटे असतात. कॉइल वीस-पंचवीस मिलिमीटर लांब असेल, तर बँड पंधरा-वीस फेऱ्यांत सहज पसरतो, म्हणजे फेऱ्यामागे दहा-तेरा किलोहर्ट्झ. गँग नको, दोरी नको, बेअरिंग नको. अमेरिकी लष्कराच्या आर-३९०ए या नावाजलेल्या रिसीव्हरमध्येही कॉइलच्या पोटातला गाभा स्क्रूने सरकवूनच ट्यूनिंग होत असे. दहा फेऱ्यांत एक मेगाहर्ट्झ. त्यातली कारागिरी अर्थातच वेगळ्या दर्जाची होती.

बोल्टच्या युक्तीत दोन खोडी आहेत. एक म्हणजे बोल्ट कॉइलच्या तोंडाशी असताना फ्रीक्वेन्सी हळू बदलते, मध्ये भरभर आणि पूर्ण आत गेल्यावर पुन्हा हळू. त्यामुळे डायलवरच्या खुणा समान अंतरावर पडत नाहीत. मधला सरळ भागच वापरला तर हे बरेच सुधारते. दुसरी म्हणजे नटमध्ये बोल्ट डुगडुगतो. यावर नेहमीचा उपाय असा, की तांब्याच्या पत्र्याच्या सर्किट बोर्डावर एकाऐवजी दोन पितळी नट थोडे अंतर ठेवून सोल्डर करायचे आणि मध्ये किंवा मागे स्प्रिंग घालून बोल्ट सतत एकाच बाजूला रेटलेला ठेवायचा. सोल्डर करताना बोल्ट आत ठेवूनच नट बसवावेत, म्हणजे दोघांचे आटे एका रेषेत येतात.

इथेच या सगळ्या विषयाचे मर्म आहे. वेग कमी करणे सोपे असते. कठीण असते ते यंत्रणेतला ‘प्ले’ घालवणे. नॉब उजवीकडून डावीकडे वळवताना पहिली काही हालचाल नुसती ढिलाईत जिरली, तर गुणोत्तर शंभराला एक असून उपयोग नाही. दोन दातेरी चाकांमध्ये प्ले असतो, सैल स्क्रूमध्ये असतो, दोरीच्या ताणात असतो आणि बहुतेक वेळा कपलिंगमध्ये असतो. कारखान्यांत यावर दुभागलेले गिअर वापरतात: एकाच जाडीची दोन चाके शेजारी ठेवून स्प्रिंगने विरुद्ध दिशांना ताणलेली, म्हणजे दुसऱ्या चाकाचा दात दोन्हीकडून पकडला जातो. घरगुती यंत्रणेत तेच काम साधी स्प्रिंग करते, फक्त ती योग्य जागी लागली पाहिजे. तपासणी सोपी आहे. एक स्थिर स्वर पकडावा, डायलवर खूण करावी, मग एकदा वरून आणि एकदा खालून त्याच स्वरावर यावे. दोन्ही वेळा काटा एकाच खुणेवर थांबला तर काम चांगले. दोन खुणा पडल्या तर मधले अंतर म्हणजे प्ले. गुणोत्तराचे आकडे मिरवण्याऐवजी हौशी मंडळींनी हे अंतर सांगितले, तर यंत्रणेची लायकी लवकर कळेल.

प्लेच्या खालोखाल त्रास असतो तो डळमळीत बैठकीचा. पातळ पत्र्याच्या डब्यात बसवलेला ऑसिलेटर नॉबवर बोट ठेवले तरी हलतो, आणि टेबलावर कप ठेवला तर आवाज थरथरतो. जाड अॅल्युमिनियमची पेटी किंवा सर्किट बोर्डाचे तुकडे सोल्डर करून केलेला बंद डबा हवा. दांड्याला जोडणारे कपलिंग लवचिक हवे, नाही तर नॉबचा तिरका जोर गँगवर येतो. नॉबचा दांडा धातूचा असेल, तर तो डब्याला जोडलेला असावा. हात जवळ नेताच फ्रीक्वेन्सी सरकते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

यंत्राला फाटा देणारा मार्गही आहे. काही डायोडची धारकता त्यांच्यावरच्या उलट्या व्होल्टेजनुसार बदलते. त्यासाठी व्हॅरॅक्टर नावाचे खास डायोड मिळतात, पण १एन४००७ सारखा रेक्टिफायर किंवा साधा एलईडीही चालून जातो. मग ट्यूनिंग एका पॉटने, म्हणजे फिरत्या रेझिस्टरने, करता येते. साध्या पॉटला पाऊण फेराच असतो, म्हणून दहा फेऱ्यांचा पॉट घ्यावा. २०० किलोहर्ट्झसाठी एका अंशाला सुमारे ५५ हर्ट्झ पडतात. तारेचा पॉट असेल तर नीट ऐकल्यास स्वर बारीक पायऱ्यांनी चढतो. दोन साधे पॉट, एक मोठ्या उडीचा आणि दुसरा पाच-दहा किलोहर्ट्झचा, हा गरिबांचा उपाय आणि तो वाईट नाही. मात्र डायोड तापमानाला फार हळवा असतो आणि व्होल्टेजचा मिलिव्होल्टही फ्रीक्वेन्सीत उतरतो, म्हणून वेगळा रेग्युलेटर अनिवार्य. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी तयार केलेली बिटएक्स संचांची मालिका याच घरगुती वृत्तीतून आली. त्यांच्या सुरुवातीच्या संचात कॉइलसाठी नळाचा वॉशर वापरायची सोय होती. नंतरच्या बिटएक्स४० मध्ये एसआय५३५१ ही चिप आणि आर्डुइनो आले आणि ट्यूनिंग अंकांच्या हाती गेले.

मुंबईजवळच्या अंबरनाथ पूर्वेचे पालेगाव आणि त्याच्या आसपासचा पट्टा अशा घरगुती उद्योगाला अनुकूल आहे. एका बाजूला आनंदनगरची एमआयडीसी, दुसरीकडे उल्हासनगरचे कॅम्प आणि पुढे बदलापूर. अंबरनाथला यंत्रकामाची जुनी परंपरा आहे; संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी तिथे १९५३ मध्ये सुरू झाली. पितळी दांड्याला आटे पाडून देणे किंवा चाकाला मध्यावर अचूक भोक पाडणे ही लेथवाल्यासाठी काही मिनिटांची कामे. फक्त त्याला कागदावर मापे काढून द्यावी लागतात, तोंडी वर्णन चालत नाही. भंगारात जुना व्हीसीआर मिळाला तर त्यातला फिरता हेड ड्रम अवश्य उचलावा. तो जड असतो, बेअरिंगवर अलगद फिरतो आणि त्याचा नॉब केला तर महागड्या संचासारखी मऊ गती मिळते. गँग, व्हॅरॅक्टर आणि दहा फेऱ्यांचा पॉट यांसाठी मात्र अजूनही मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की झाले.

इथल्या पावसाचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर हवा दमट असते. सुती दोरी ओलावा धरते आणि तिचा ताण बदलतो, पोलादी स्प्रिंगला गंज चढतो, गँगच्या पात्यांमध्ये धूळ व ओल साचून खरखर येते. पितळी बोल्ट काळवंडतो, पण अडत नाही. आट्यांना यंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला तरी पुरे. फ्रीक्वेन्सी सरकू नये म्हणून ऑसिलेटरमध्ये एनपीओ प्रकारचे सिरॅमिक किंवा स्टायरोफ्लेक्स कंडेन्सर वापरावेत, कॉइलवर पातळ लाखेचा थर द्यावा आणि डबा उष्णता देणाऱ्या भागांपासून दूर ठेवावा. संच चालू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे थोडे सरकणे कोणत्याही घरगुती व्हीएफओत असतेच.

अंकांवर चालणाऱ्या चिपमुळे हा सारा खटाटोप कालबाह्य झाला, असे म्हणता येईल. फ्रीक्वेन्सी सरकत नाही, प्ले नाही, पडद्यावर आकडा दिसतो. पण तिथेही वेगाचा प्रश्न संपलेला नाही. नॉबचे फिरणे चिपपर्यंत पोचवणाऱ्या एन्कोडरच्या एका फेऱ्यात वीस टिचक्या आणि प्रत्येक टिचकीला दहा हर्ट्झ ठेवले, तर फेऱ्याला फक्त २०० हर्ट्झ होतात आणि बँड ओलांडायला हजार फेरे लागतात. म्हणून प्रोग्राममध्ये पायरी बदलण्याचे बटण ठेवावे लागते. बोल्टवर असले बटण नसते, आणि तो बिघडला तर पान्याने दुरुस्त होतो. पहिला संच बांधणाऱ्याने चिपऐवजी बोल्टने सुरुवात करावी, असे इथे ठामपणे सुचवावेसे वाटते. खर्च कमी आणि शिकणे जास्त.

सुरुवात रिसीव्हरपासून करावी. त्याच ऑसिलेटरने प्रक्षेपण करायचे असेल, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेचा परवाना असल्याशिवाय हात लावू नये. त्यासाठी अॅमेच्युअर स्टेशन ऑपरेटरची परीक्षा द्यावी लागते आणि वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही भारतीय व्यक्ती ती देऊ शकते.